गिरणीबाहेरचा धोटा

भाषण संपलं की लालबागेतली माणसं व्यासपीठाकडे बघत नसत, गुणाजी पालवकडे बघत. तो सगळ्यांत मागे, पानवाल्याच्या फळीला पाठ टेकून उभा असायचा. टाळी वाजवायचा नाही. डाव्या हातात धोतराचा काठ धरलेला आणि त्यावर अंगठा फिरत असलेला. कोणीतरी विचारायचंच, "काय पालवमामानू, कसा झाला?" मग मान तिरकी करून तो जे काय म्हणेल ते दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पोचलेलं असायचं. "सूत बरां, वीण ढिली." "रंग मारलो हा. धुतल्यावर बघूया." दिल्लीपर्यंत नाव असलेल्या एका वक्त्याला त्याने "नुसती कांजी" एवढ्यात निकालात काढलं होतं. विरळ कापडाला कांजी पाजली की ते कडक दिसतं, पहिल्या धुण्यात त्याचं मच्छरदाणीचं कापड होतं, हे लालबागेत कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

ती वर्षंच भाषणांची होती. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा परळला, काळाचौकीला, नरे पार्कात रोज संध्याकाळी. बायका भाकऱ्या लवकर उरकायच्या. गुणाजी एकही सभा चुकवायचा नाही आणि एकाही वक्त्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याला कारण होतं. गोळीबाराच्या वर्षी एका वक्त्याने "चला फोर्टात" म्हणून हाळी दिली, हजार माणूस उठला. शेजारच्या खोलीतला भिवा त्यात होता. मागे वळून पाहतो तर हाळी देणारा नाही. तेव्हापासून भिवा डाव्या पायाने लंगडतो, आणि वक्ता बोलत असताना गुणाजी त्याच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघतो.

गिरणीत त्याचं कामही संशयाचंच. आधी सोळा वर्षं तो साच्यावर होता. साचे म्हणजे माग. कापड विणायचं खातं. छातीत कापूस बसला, खोकला सुटेना, तेव्हा त्याला घडीखात्यात तपासणीला घातलं. खिडकीसमोर दांडीवरून तागा ओढायचा, उजेड आरपार येऊ द्यायचा, दोष दिसला की निळ्या खडूने खूण. तागा नापास करायच्या आधी मात्र तो विणणाऱ्याला बोलावून घ्यायचा. "तुझ्या डोळ्यान बघ," म्हणायचा. "मगे माका शिव्या दी." हा नियम खात्याचा नव्हता, गुणाजीचा होता. त्यामुळे माणसं त्याच्यावर चिडायची, पण त्याला खोटा म्हणायची नाहीत.

अठ्ठावन्न सालच्या जूनमध्ये त्याची थोरली, कालिंदी, मॅट्रिक झाली. पालवांच्या सात पिढ्यांत सातवीपुढे कोणी गेलं नव्हतं, पोरगी पहिली. तिने दादरच्या कॉलेजचा फॉर्म आणला, सगळा भरला आणि देवाच्या फळीवर ठेवला. पालकाच्या सहीची जागा तेवढी कोरी.

"फॉर्म फळयेर पडान आसा," मालन, त्याची बायको, म्हणाली. "फुडल्या शनवारी शेवटची तारीख. तुमका दिसना नाय, की बघूचा नाय?"

"बघूया."

"तुमचा बघूया म्हणजे माझ्या म्हाताऱ्या बापाशीचा उद्या, कधी उजाडना नाय."

गुणाजी नाही म्हणत नव्हता. त्याला फक्त कळत नव्हतं की ही कल्पना कोणाची. पोरीची, तर तिच्या डोक्यात घातली कोणी? शाळेतल्या बाईंनी? त्या बाईंना काय मिळणार? कॉलेजात शिकलेली पोरगी परत याच दहा बाय बाराच्या खोलीत येते, की नुसती झोपायला येते? यांतलं एकही तो मोठ्याने बोलला नाही. मोठ्याने फक्त खोकत होता.

आणि मधल्या रविवारी चाळीच्या मंडळाने पास झालेल्या मुलांचा सत्कार ठेवला. मंडळाचा चिटणीस वसंत घरोघर सांगत आला. "वरळीचे प्राध्यापक रामदास गमरे येतायत. विषय, घरातला पहिला विद्यार्थी. मामा, तुम्ही पुढे बसा."

"पुढे कित्याक?"

"पहिल्या रांगेत पालक."

गुणाजीने एकदा वसंताकडे, एकदा कालिंदीकडे पाहिलं. कालिंदी तांदूळ निवडत होती आणि फारच मन लावून निवडत होती. हे भाषण आपल्यावर नेम धरून आणलंय, हे त्याला तिथेच कळलं. रविवारी तो पानवाल्याच्या फळीलाच उभा राहिला.

गमरे सर तिशीच्या आतले, सडपातळ, सदरा इस्त्रीचा. पाय जागच्या जागी. हे गुणाजीने आधी पाहून घेतलं. आवाज न चढवता बोलत होते. "घरातला पहिला मुलगा कॉलेजात जातो तेव्हा एकटा जातो. फॉर्म कसा भरायचा हे सांगणारं घरात कोणी नसतं. वर्गात तो मागच्या बाकावर बसतो. पुढे बसायला कोणाची परवानगी लागते का, हे विचारायची त्याला लाज वाटते. मी सहा महिने मागे बसलो."

बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. गुणाजीचा अंगठा काठावरून फिरत होता. वीण घट्ट होती. त्याला दोष मिळेना, आणि त्यामुळे तो अस्वस्थ झाला.

मग सरांनी पिशवीतून एक वस्तू काढून वर धरली. होडीच्या आकाराचं वीतभर लाकूड, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या. धोटा. मागावर डावीउजवीकडे धावून कापडात दोरा घालतो तो.

"हा माझ्या वडिलांचा," सर म्हणाले, आणि त्यांनी गुणाजीच्याच गिरणीचं नाव घेतलं. "या धोट्याच्या भोकातून दोरा तोंडाने ओढून काढावा लागायचा, हे तुम्ही जाणता. म्हणूनच आमच्या माणसांना साच्यापाशी येऊ देत नसत. आमचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा? तिथे माझे वडील गेले. आमच्यातला साच्यावर बसलेला पहिला माणूस. वीस वर्षं त्यांनी त्या साच्यावर काढली. ते पहिले तिथे गेले म्हणून मी पहिला कॉलेजात गेलो."

टाळ्या पडल्या त्या अशा, की वरच्या मजल्यावरची झोपलेली पोरं रडायला लागली. गुणाजीचा अंगठा थांबला होता.

घरी कालिंदीने तांब्या पुढे केला आणि विचारलं, "कसं झालं, बाबा?"

"गोड झाला."

"म्हणजे वाईट?"

"म्हणजे गोड." तो पाणी प्यायला. "वसंताक कोणी सांगल्यान ह्यो माणूस आण म्हणान?"

"मी." कालिंदी लपवणाऱ्यांतली नव्हती, विचारलं की सांगून टाकायची. "तुम्ही माझं ऐकत नाही. भाषण ऐकता."

मालन चुलीपाशी हसली. गुणाजी हसला नाही. "बरां तर. ह्या भाषणात एक जरी भोक गावला, तर सही नाय. नाय गावला, तर करतंय."

"शब्द?"

"शब्द."

"शनिवारी दुपारी बाराला कॉलेजची खिडकी बंद होते."

ती निर्धास्त झोपली. तिला भाषण नखशिखांत खरं वाटलं होतं. गुणाजीला मात्र भोक दिसलं होतं, एक नाही, दोन.

पहिलं भोक आठवणीचं. बावीस वर्षांपूर्वी त्या लोकांतला एक माणूस साच्यावर बसवला होता खरा. साहेबाने हट्टाने बसवला. पण वीस वर्षं नाही. अर्धी पाळीसुद्धा नाही. आज ती माणसं धर्म बदलून बौद्ध झालीत, मुलं प्राध्यापक झालीत, चांगलं आहे. पण साच्यावर त्यानंतर कोणी बसल्याचं गुणाजीला ठाऊक नव्हतं, आणि तो तिथेच होता.

दुसरं भोक त्याहून सरळ. धोटा गिरणीच्या बाहेर येतोच कसा? सुटताना फाटकावर झडती. चिंधी नेता येत नाही, तिथे वीतभर धोटा?

"चोरबाजारातसून घेतलो असतलो," भिवा म्हणाला. "भाषणाक कायतरी हातात होया ना." मग जरा थांबून, "पण तू सोड. चेडवाक कॉलेजात धाडूचा आसा, की मास्तराक कोर्टात?"

"भोक तां भोक."

"मगे घरात सांग आणि मोकळो हो."

सोमवार गेला, मंगळवार गेला. गुणाजीने घरात सांगितलं नाही. विणणाऱ्याला दाखवल्याशिवाय तागा नापास करायची त्याला सवय नव्हती. बुधवारी पाळी सुटल्यावर तो चालत वरळीला गेला.

बीडीडी चाळीत गमऱ्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर. सर कॉलेजातून आले नव्हते. दारात त्यांचे वडील बसले होते, कोंडीराम. पांढरे केस बारीक कापलेले, अंगात बंडी. त्यांनी पाहुण्याला पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कोन आपन?"

"लालबागेतून आलो. गुणाजी पालव. सरांचं भाषण ऐकलं."

"मग सर नाहीत." ते दारातून हलले नाहीत. "पोलिसातले न्हाय ना?"

"गिरणीतला. घडीखात्यातला."

कोंडीरामचा चेहरा बंद झाला. त्यांनी बाजूला सरून जागा दिली ती मात्र लगेच, जणू बाहेर बोलणं नको. खोलीत भिंतीला पुस्तकांची मांडणी, वर बुद्धाची तसबीर, आणि तिच्याखाली तो धोटा. गुणाजी जवळ गेला. टोप्या चकचकीत, लाकडाच्या कडांना झीज नाही. सोळा वर्षं धोटे हाताळलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. वीस वर्षं कसली. हा धोटा वीस दिवसही धावला नव्हता. मग त्याने कोंडीरामच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे स्वतःचे पुढचे दात दोरा ओढून ओढून काळे आणि झिजलेले होते. कोंडीरामचे पांढरे, सरळ.

"कुठल्या खात्यात होता तुम्ही?"

"पोरगा बोलला न्हाय भाषणात?"

"तो बोलला. तुम्ही बोला."

कोंडीराम भिंतीला टेकून बसले. खाली आवारात कोणीतरी कपडे आपटत होतं. "रिंग खात्यात," ते म्हणाले. "सुताच्या बॉबिनी काढल्या. तीस वर्सं. साच्यावर एक दिस गेलो. दिस बी न्हाय. सकाळी साहेबानं बसवलं. तीनदा धोट्याला तोंड लावलं. चौथ्यांदा लावनार, तर बाजूचा साचा थांबला. मग दुसरा. मग तिसरा. असे थांबत गेले वो, पार टोकापर्यंत. गिरनीत तसली शांतता मी त्याच्या आधी ऐकली न्हवती आनि नंतर बी."

गुणाजी तसबिरीकडे बघत उभा होता.

"मग मला उठवलं. हा धोटा कोन हातात घेईना. जॉबर मुकादम म्हनला, घेऊन जा तुझं उष्टं. फाटकावर झडतीवाल्यानं माझ्या हातात बघितलं. तो पन हात लावंना. जा म्हनला. तसा आला हा घरी."

दुसरं भोक तिथे बुजलं.

"पोरगं सहा वर्सांचं. धोटा बघितलान आनि चाळभर नाचलान, माझा बाबा साच्यावर लागला, माझा बाबा साच्यावर लागला. आता त्याला काय सांगू? तुझ्या बापाचं तोंड लागलेलं लाकूड लोकांना नको झालं म्हनून आपल्याला मिळालं, हे सांगू? ऱ्हायलं तसंच. शेजाऱ्यांना ठाव हाय. कोन बोललं न्हाय. पोराची मान वर होती, ती खाली घालायला कोनाचा हात उठतो?" त्यांनी बंडीची गुंडी उगाच लावली. "तो सांगतो भाषनात. मी एका बी भाषनाला गेलो न्हाय. वाटायचं, गर्दीत एखादा साचेवाला असंल. उठून विचारंल. तुमी तिथं न इचारता हितं आलात."

"मी सोळा वर्षं साच्यावर होतो," गुणाजी म्हणाला.

"त्या टायमाला?"

"त्या टायमाला."

कोंडीरामने त्याच्या दातांकडे पाहिलं. विचारलं नाही काही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं गुणाजी पुढे म्हणायचा.

"तिसरा साचा माझा होता," तो म्हणाला.

आवारातलं कपडे आपटणं थांबलं होतं. कोंडीराम उठले, आतल्या बाजूला गेले आणि बायकोला म्हणाले, "सुंदरा, च्या टाक. दोन कप." मग बाहेर येऊन, गुणाजीवरची नजर न काढता, "घ्याल ना?"

चहा आला. गुणाजीने बशीत ओतला, बशी ओठांना लावली. कोंडीराम त्याच्या ओठांकडे बघत होते, तो घोट गिळेपर्यंत. मग त्यांनी स्वतःचा कप उचलला.

"आता काय करनार? पोराला सांगनार?"

"माझा तो धंदा नाही. मी माझ्या पोरीच्या फॉर्मसाठी आलो." आणि त्याने शब्दाची, भोकाची, शनिवारची सगळी हकिकत सांगितली.

कोंडीराम पहिल्यांदाच हसले, तेही अर्धवट. "म्हंजे माज्यामुळं तुमची पोरगी घरात बसनार."

"शब्द दिलाय."

"सही कवा करायची?"

"केली तर शनिवारी."

"मग माझं बी शनवारपर्यंत. रामदासला मी सांगनार. मीच. तुमी न्हाय." जिन्यापाशी येऊन त्यांनी खाली डोकावून पाहिलं, मुलगा येतोय का ते. "पन तुमी कराल याचा भरवसा काय?"

"तुम्ही सांगाल याचा काय?"

दोघांनाही एकमेकांचं खरं वाटलं नाही. तसेच ते वेगळे झाले.

शनिवारी सकाळी गुणाजीने पाळीला सुट्टी टाकली. फॉर्म फळीवरून काढला, चटईवर ठेवला, चष्मा लावला, काढला. मालनने चुलीवरचं उतरवलं. कालिंदी वेणी घालून, चपला दाराशी काढून ठेवून तयार होती.

"बस गो," तो म्हणाला. "भोक गावला."

तिचा रंग उतरला, पण ती बसली. "कुठे?"

"ऐक आधी. कोणाचा, कसा, तां विचारू नको. तो माणूस आपल्या तोंडान सांगतलो तेव्हा सांगतलो. पण तां भोक त्या मास्तराच्या भाषणातला नाय. आमच्या खात्यातला. मी स्वतः पाडलंलां."

आणि त्याने तिला ती सकाळ सांगितली. साहेबाने साच्यावर बसवलेला माणूस. बाजूचा साचा थांबला, दुसरा थांबला. "मगे माझो. माका कोणी सांगूक नाय, थांबव म्हणान. मी बघलंय, दोन थांबले, मगे मी हात घातलंय. माझ्या हातान. त्याचा नावसुद्धा आमी विचारूक नाय."

मालन चुलीकडे तोंड करून उभी होती. बावीस वर्षांत तिलाही हे ठाऊक नव्हतं.

कालिंदी ऐकताना हलली नाही, मान डोलावली नाही, मधे "मग" म्हणाली नाही. तिचा अंगठा परकराच्या काठावरून फिरत होता. गुणाजीला ती ऐकायची पद्धत ओळखीची वाटली, आणि तिच्यासमोर आपण स्वतःच्याच पायांकडे बघतो आहोत हेही कळलं.

"त्या माणसाचं नंतर काय झालं, विचारलंत कधी?"

"बुधवारी."

"बावीस वर्षांनी."

"होय."

"माझा फॉर्म नसता तर?"

गुणाजीने फॉर्म पुढे ओढला. पेन उघडलं, सही केली. 'गुणाजी सोमा पालव.' सही जरा वाकडी गेली.

"तारीख राहिली," कालिंदी म्हणाली.

त्याने तारीख घातली. तिने फॉर्म उजेडाकडे धरून शाई वाळली का पाहिलं, घडी न करता वहीत घातला आणि चपला घालून निघाली. जाते म्हणून आईला सांगितलं. बापाला नाही.

गणपतीत गमरे सरांचं भाषण परळला होतं. गुणाजी गेला. बरोबर भिवा, आणि न बोलावता कालिंदी. सरांनी पहिल्यासारखंच मागच्या बाकाचं सांगितलं, पहिल्यासारखाच धोटा काढला. तो वर धरल्यावर ते जरा थांबले. "हा मी वीस वर्षांचा म्हणून सांगत आलो," ते म्हणाले. "हा तीन वेळा तोंड लावल्याचा आहे." आणि साचे एकेक करून थांबले तिथपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. पहिल्या रांगेच्या टोकाला बंडीवर कोट घातलेला एक म्हातारा मान खाली घालून बसला होता. मग त्याने ती वर केली आणि मागे वळून गर्दीत कोणालातरी शोधलं. गुणाजीने हात वर केला.

टाळ्या अर्ध्यासुद्धा पडल्या नाहीत. मधल्या भागातून काही माणसं उठली, कोणी विडीच्या निमित्ताने, कोणी पाळीच्या.

"पडलो म्हणायचो आज मास्तर," भिवा म्हणाला. "लालबागेत काय रडवल्यान होता. काय रे गुणाजी, कसा झाला?"

गुणाजी बोलायच्या आधी कालिंदी म्हणाली, "भिवाकाका, मी भाषणाकडे बघतच नव्हते. उठून गेले त्यांच्याकडे बघत होते. अकरा जण. त्यांतले चार आपल्या चाळीतले." मग बापाकडे वळून, "पहिले दोन साचे कोणाचे होते, बाबा?"

परळपासून लालबागेपर्यंत ती एकेकाचं नाव विचारत राहिली. काळाचौकीच्या नाक्यावर गुणाजीला खोकल्याची उबळ आली. ती थांबली, त्याच्या पाठीवर हात फिरवला, आणि खोकला बसल्यावर पुढचं नाव विचारलं. तो सांगत गेला.